निर्णय घ्यायला शिकवताना: फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थिनींसाठी प्रिसेप्टर कसं व्हावं

अतिदक्षता विभागात बारा वर्षं काम केलेली एक नर्स माझ्याकडे तिच्या पहिल्या क्लिनिकल रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये काम करत शिकायला, आली होती. खोकल्याच्या पेशंटला भेटून ती बाहेर आली आणि तिने इतकी नेटकी हिस्टरी सांगितली, की मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. खोकला कधी सुरू झाला, कफाचा रंग कसा, रात्री वाढतो का, घरात कोणी सिगारेट ओढतं का, सगळं आलं त्यात. मग मी म्हटलं, "बरं, तुला काय वाटतं?" ती गप्प झाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. ती ऑर्डरची वाट पाहत होती.

अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे सगळ्या वयाच्या पेशंटना तपासून स्वतः निदान आणि औषधोपचार करणारी नर्स, होणारी प्रत्येक व्यक्ती आधी रजिस्टर्ड नर्स असते. पेशंटकडे बारकाईने पाहणं, बिघाड वेळेत ओळखणं आणि तो योग्य माणसाला कळवणं हे तिच्या अंगात मुरलेलं असतं. निदान आपलं, औषध आपलं आणि चुकलं तर जबाबदारीही आपली, हे मात्र तिला नवीन असतं. वर्षानुवर्षं वॉर्डात जिच्याकडे सगळे विचारायला यायचे, ती एका दिवसात पुन्हा नवखी होते, आणि ते तिला आतून फार लागतं. प्रिसेप्टरने, म्हणजे क्लिनिकमध्ये तिला सोबत घेऊन शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीने, पुस्तकी ज्ञान पुन्हा शिकवत बसण्यापेक्षा तिला ठरवायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

या भूमिकेचा उगम १९६५ सालचा. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. तो मुलांच्या आरोग्यापुरता होता. फॅमिली शाखेत तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळे येतात. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनुसार विद्यार्थिनीने किमान ७५० तास प्रत्यक्ष पेशंटसोबत काम केलेलं असावं लागतं. आधी ही मर्यादा ५०० होती. हे तास तुमच्या-माझ्यासारख्यांच्या क्लिनिकमध्ये भरतात.

हो म्हणण्याआधी

विद्यापीठाचा फोन आला की लगेच हो म्हणू नका. ही विद्यार्थिनी कितव्या सत्रात आहे, हा कोर्स कोणत्या वयोगटाचा आहे, किती तास भरायचे आहेत आणि अडचण आली तर कोणत्या प्राध्यापकांना फोन करायचा, ही चार उत्तरं आधी घ्या. पहिल्या सत्रातली आणि शेवटच्या सत्रातली विद्यार्थिनी यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि दोघींकडून एकच अपेक्षा ठेवली तर दोघींचं नुकसान होतं.

कागदपत्रं कंटाळवाणी असतात, पण तीच अडवतात. क्लिनिक आणि विद्यापीठ यांच्यातला करार, विद्यार्थिनीचा मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीसाठीचा) विमा, नर्सिंगचं लायसन्स, लसीकरण, हिपाचं (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचं) प्रशिक्षण आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचं लॉगिन. लॉगिनची मागणी अगदी आधी करा. ते नसेल तर विद्यार्थिनी पहिले दोन आठवडे नुसती मागे उभी राहते.

मोबदल्याबद्दलही स्पष्ट लिहिते. बहुतेक प्रिसेप्टर हे काम पगाराशिवाय करतात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाई अशा काही राज्यांत प्रिसेप्टरला करसवलत मिळते, आणि सर्टिफिकेटच्या नूतनीकरणात प्रिसेप्टिंगचे तास धरले जातात. तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि विद्यापीठाकडून पत्र मागून घ्या.

क्लिनिकमधल्या बाकीच्यांशीही बोला. मॅनेजरला सांगा की पहिले काही दिवस वेग थोडा मंदावेल. रिसेप्शनवर सांगा की पेशंट आल्यावर विद्यार्थिनी असल्याची कल्पना द्यायची आणि नको म्हणाला तर तो शब्द अंतिम. मेडिकल असिस्टंटला विशेष विश्वासात घ्या. विद्यार्थिनीला तिचा आधार मिळाला तर निम्म्या अडचणी तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

पहिल्या दिवसाआधीचा फोन

पंधरा मिनिटं पुरतात. आजवर नर्स म्हणून कुठे काम केलंस? कोणत्या पेशंटची सर्वांत जास्त भीती वाटते? चूक झाली तर तेव्हाच सांगितलेली आवडेल की दिवस संपल्यावर? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. कॅन्सर वॉर्डात काम केलेल्या नर्सला वाईट बातमी कशी सांगावी हे मी काय शिकवणार? ते मीच तिच्याकडून शिकले. पण तिनेच फोनवर सांगितलं होतं की दोन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाच्या कानात ओटोस्कोप (कान तपासायचं उपकरण) घालायची तिला धडकी भरते. मग पहिल्या आठवड्यात आम्ही मुलंच जास्त पाहिली.

पहिला दिवस: मोठ्याने विचार करा

पहिला अर्धा दिवस तिने फक्त तुमच्यासोबत फिरावं, पण रिकाम्या डोक्याने नव्हे. खोलीत शिरण्याआधी दारापाशी थांबून तुमच्या मनात काय चाललंय ते बोलून दाखवा. अनुभवी माणसाचं निदान इतकं झटकन होतं, की बाहेरून पाहणाऱ्याला ती जादू वाटते. मधले टप्पे दिसले तरच ते शिकता येतात.

समजा, बावीस वर्षांचा मुलगा घसा दुखतो म्हणून आलाय. मी दाराबाहेर म्हणते, "मला चार गोष्टी बघायच्या आहेत. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरा थर आहे का, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखतायत का, आणि खोकला नाही ना. खोकला आणि वाहतं नाक असेल तर व्हायरसच असण्याची शक्यता जास्त, तिथे मी स्वॅब घेत नाही. चारही खुणा जुळल्या तरी नुसत्या लक्षणांवर अँटिबायोटिक देत नाही, आधी घशातल्या जंतूंची रॅपिड टेस्ट करते." बाहेर आल्यावर काय जुळलं, काय नाही आणि माझं मत कुठे बदललं, तेही सांगते. चुकीचा अंदाज बांधला असेल तर तो मुद्दाम सांगते.

कोणते पेशंट द्यायचे

सकाळी दहा मिनिटं यादी समोर घेऊन बसा. सुरुवातीला अर्ध्या दिवसात दोन-तीन पेशंट भरपूर झाले. विद्यार्थिनीला सोपे सर्दी-खोकलेच द्यायचे, ही चूक मीही केली आहे. त्यातून ती काही शिकत नाही. एक नवी तक्रार, एक जुन्या आजाराची फेरतपासणी आणि जमलं तर एक लहान मूल, असं मिश्रण ठेवा. त्याच पेशंटची पुढची भेटही तिच्याच दिवशी लावता आली तर सोन्याहून पिवळं. आपण दिलेल्या औषधाने काय झालं, हे तिला तेव्हाच कळतं.

वेळेचं गणित असं जमतं: नऊ वाजता दोन पेशंट दोन खोल्यांत बसवा. एक ती पाहील, दुसरा तुम्ही. तुमचा पेशंट आटोपेपर्यंत तिची हिस्टरी आणि तपासणी होते. मग ती तुम्हाला केस सांगते, दोघी मिळून तिच्या पेशंटकडे जाता, आणि ती नोंदी लिहीत असताना तुम्ही पुढचा पेशंट पाहता. असं केलं तर दिवसाअखेर पेशंटची संख्या फारशी घटत नाही. पहिल्या आठवड्यात मात्र घटते, ती घटू द्या.

केस ऐकताना

बहुतेक शिकणं इथेच घडतं, म्हणून इथे जरा थांबते.

१९९२ मध्ये वैद्यकीय शिक्षणात एक पद्धत मांडली गेली, तिला वन मिनिट प्रिसेप्टर म्हणतात. तिच्यात पाच पायऱ्या आहेत: आधी विद्यार्थ्याकडून मत वदवून घ्या, त्यामागचं कारण विचारा, एक सर्वसाधारण नियम सांगा, बरोबर केलेलं नाव घेऊन सांगा, आणि चुकलेलं दुरुस्त करा. पहिली पायरी सर्वांत अवघड जाते, आणि ती विद्यार्थिनीपेक्षा आपल्यालाच जास्त. केस ऐकता ऐकता उत्तर आपल्या जिभेवर आलेलं असतं आणि वेटिंग रूम भरलेली असते. तरीही गिळा ते उत्तर.

माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली केस. साठीतले गृहस्थ, तीन आठवड्यांपासून कंबर दुखते.

"काय वाटतं तुला?"
"स्नायू आखडलाय. सामान उचलल्यावर सुरू झालं."
"कशावरून म्हणतेस?"
"पायात मुंग्या नाहीत, ताकद ठीक आहे, रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे."
"छान पाहिलंस. आता सांग, स्नायू नसेल तर आणखी काय असू शकेल, आणि ते नाही हे तुला कसं कळलं?"

इथे ती अडखळली. लघवीचा त्रास आणि बैठकीच्या जागेची बधिरता तिने विचारली होती. ताप, वजन घटणं आणि पूर्वीचा कॅन्सर हे राहिलं होतं. मी तिला ओरडले नाही, नियमही सांगितला नाही. "चल, विचारून येऊ," एवढंच म्हटलं. आत तिनेच विचारलं, आणि गृहस्थ सहज म्हणाले, "हो, प्रोस्टेटचा झाला होता काही वर्षांपूर्वी. पण तो बरा झाला." त्या एका वाक्याने सगळी योजना बदलली. कंबरदुखी घेऊन आलेल्या माणसाला कधीतरी कॅन्सर झाला असेल, तर मणक्याची इमेजिंग लांबणीवर टाकायची नसते. बाहेर आल्यावर मी नियम सांगितला: आधी धोक्याच्या खुणा एकेक करून बाद करायच्या, मगच स्नायू म्हणायचं. तो नियम ती आयुष्यभर विसरणार नाही, कारण उत्तर तिच्या कानांनी ऐकलं होतं.

शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थिनीसाठी स्नॅप्स ही पद्धत अधिक बरी. तिच्यात सूत्रं विद्यार्थिनीच्या हातात असतात. ती केस थोडक्यात सांगते, दोन-तीन शक्यता मांडते, त्यांची तुलना करते, जिथे अडलं तिथे तुम्हाला प्रश्न विचारते, उपचाराची योजना सांगते आणि स्वतःच्या अभ्यासासाठी एक विषय निवडते. तुम्ही बोलायचं तिने विचारलं तर.

ती कुठवर आली हे मोजायला मी राइम ही मोजपट्टी वापरते. रिपोर्टर (माहिती सांगणारी), इंटरप्रिटर (अर्थ लावणारी), मॅनेजर (उपचार ठरवणारी), एज्युकेटर (शिकवणारी), असे तिचे चार टप्पे. जुन्या नर्स पहिल्या टप्प्यात पहिल्याच दिवशी उत्तम असतात. दुसऱ्या टप्प्याची उडी मात्र तुमच्या मदतीशिवाय होत नाही. "माहिती बरोबर आहे, अर्थ सांग," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते त्याला गणती नाही.

तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

केस नुसती ऐकून विद्यार्थिनी कशी तपासते हे कळत नाही. आठवड्यातून निदान एक पेशंट पूर्ण पाहताना तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसा. मेडिकल रेकॉर्डही उघडू नका.

हातांची कामं हात धरूनच शिकवावी लागतात. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, लहान बाळाचा खाली आणि मागे, हे तिला पाठ असतं. प्रत्यक्षात रडणाऱ्या बाळाचं डोकं आईच्या छातीशी टेकवून कसं स्थिर ठेवायचं, ते कोणी दाखवलेलं नसतं. कानाचा पडदा लाल आहे म्हणजे संसर्ग, असं ती धरून चालेल. रडण्यानेही तो लाल होतो. पडदा बाहेर फुगलाय का, ते बघायला सांगा.

हृदयाची मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकवताना "ऐकू आली का?" असं विचारू नका. भिडेपोटी ती हो म्हणेल. मीही शिकताना म्हटलं होतं, आणि ती मरमर मला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा खरी ऐकू आली. त्याऐवजी विचारा, "सर्वांत मोठी कुठे वाटते? पहिल्या ध्वनीनंतर की दुसऱ्या?" उत्तर आलं नाही तर पुन्हा स्टेथोस्कोप लावायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून तिला कळू द्या.

औषध लिहिताना

तिने हजारो डोस दिलेले असतात, पण निवडलेला एकही नसतो. म्हणून प्रत्येक नव्या औषधाच्या वेळी तिने मला हे सांगायचं, असा आमचा नियम आहे: हेच औषध का, मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे, गरोदर आहे का किंवा होऊ शकते का, बाकी कोणती औषधं चालू आहेत, विम्यात बसतं का, आणि परिणाम कधी व कसा तपासणार.

चौतीस वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या बाईला लिसिनोप्रिल हे रक्तदाबाचं औषध सुचवणं पुस्तकाप्रमाणे बरोबर असू शकतं. तिला मूल हवंय का, हे विचारलं नसेल तर तेच बरोबर औषध घातक ठरतं, कारण गरोदरपणात ते चालत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध लिहिताना ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) पाहिला का? तो ३० च्या खाली असेल तर ते द्यायचं नाही. आणि औषध वाढवण्याआधी रक्तदाब नीट मोजला होता का? पेशंट पाच मिनिटं शांत बसला होता, पाठीला टेका आणि पाय जमिनीवर होते, हात हृदयाच्या पातळीवर होता, दंडावरचा पट्टा (कफ) योग्य मापाचा होता? यातलं एक चुकलं तरी आकडा खोटा वर जाऊ शकतो आणि माणूस नको असलेली गोळी घ्यायला लागतो.

फीडबॅक

त्याच दिवशी, नेमका आणि एकांतात. "छान चाललंय" याला फीडबॅक म्हणत नाहीत. "आजींनी मुलाचं नाव घेतल्यावर तू टायपिंग थांबवलंस, म्हणून त्यांनी पडल्याचं सांगितलं," हा फीडबॅक. चुकीबद्दलही तसंच: "तू पोट दाबून पाहिलंस, पण आधी ऐकलं नाहीस. पुढच्या वेळी स्टेथोस्कोप आधी." एका दिवसात एकच मोठी दुरुस्ती सांगा, बाकीच्या उद्यासाठी ठेवा.

पेशंटसमोर चुकीचं काही सांगितलं जात असेल तर थांबवावंच लागतं, पण पद्धत असते. "मीही एकदा तपासते," किंवा "यात मी एक भर घालते," असं म्हणून सूत्रं हातात घ्या. मी शिकत असताना एका प्रिसेप्टरने मला पेशंटसमोर झापलं होतं. त्यानंतरचे सगळे आठवडे मी त्या क्लिनिकमध्ये स्वतःचं मत म्हणून एक शब्द बोलले नाही. ज्या धाडसासाठी हे सगळं शिक्षण चाललंय, तेच त्या एका मिनिटात मेलं होतं.

तुम्हाला उत्तर माहीत नसेल तेव्हा "मला माहीत नाही, बघू या" हे मोठ्याने म्हणा आणि तिच्यासमोर शोधा. न कळलेल्या पेशंटचं काय करायचं, किती दिवसांनी परत बोलवायचं, काय झालं तर आधी यायला सांगायचं, हे तिला याच प्रसंगांतून कळतं.

नोंदी आणि बिल

१ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) नियमांनुसार विद्यार्थिनीने लिहिलेली नोंद प्रिसेप्टर नर्स प्रॅक्टिशनर वाचून, पडताळून सही करू शकते. सगळं पुन्हा लिहीत बसावं लागत नाही. तरी बिल तुमच्या नावाने जाणार असेल तर पेशंटला तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि निर्णय स्वतः घेतलेला असायला हवा. इतर विमा कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या क्लिनिकच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाला आधी विचारा.

नोंदींहूनही दुर्लक्षित, विद्यापीठात कुठेच न शिकवलं जाणारं काम म्हणजे इनबॉक्स. लॅबचे निकाल, औषधांच्या पुनर्भरणाच्या विनंत्या, पेशंटचे निरोप, प्रायर ऑथरायझेशन (विमा कंपनीची आगाऊ परवानगी). नव्या नर्स प्रॅक्टिशनर पहिल्या नोकरीत याच ढिगाखाली दबतात, पेशंटच्या संख्येखाली नव्हे. चौथ्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटं तिला शेजारी बसवा. प्रत्येक निकालावर ती म्हणेल: काही करायचं नाही, पेशंटला कळवायचं, की आजच फोन करायचा.

गाडी अडली तर

तिसऱ्या आठवड्यात मनात शंका आली तर तिसऱ्याच आठवड्यात प्राध्यापकांना फोन करा. बरेच प्रिसेप्टर चांगुलपणापायी शेवटपर्यंत थांबतात आणि मग कोणालाच काही करता येत नाही. तारखेसह लिहून ठेवा: काय झालं, तुम्ही काय सांगितलं, पुढे काय बदललं. अडचण ज्ञानाची असेल तर वाचन देता येतं. भीतीची असेल तर पेशंट कमी करून वेळ वाढवता येतो. पण न केलेली तपासणी केली म्हणून लिहिली असेल, तर ती बाब त्याच दिवशी विद्यापीठाला कळवायची. गोड स्वभावासाठी कोणालाही पास करू नका. पुढे तिच्यासमोर आपल्यापैकीच कोणाचं तरी मूल असेल.

रोटेशन अर्धं झालं की लेखी मूल्यमापन दोघींनी वेगवेगळं भरा आणि मग शेजारी ठेवून वाचा. जिथे तुमचे गुण जुळत नाहीत, तेवढ्याच मुद्द्यांवर बोला.

रोटेशन संपल्यानंतर

शेवटच्या दोन आठवड्यांत तुमचं बोलणं निम्म्यावर यायला हवं. ती पेशंट पाहील, योजना सांगेल, तुम्ही आत जाऊन खात्री कराल आणि काही बदलायचं नसेल तर काही बोलणार नाही. गप्प राहण्याचा सराव करावा लागतो.

परीक्षेबद्दल ती विचारेलच. फॅमिली शाखेसाठी दोन मुख्य संस्था सर्टिफिकेट देतात, एएनसीसी आणि एएएनपीसीबी. राज्याच्या नर्सिंग बोर्डाला आणि पहिल्या नोकरीला कोणतं चालतं, ते आधी पाहावं. स्वतंत्रपणे काम करण्याची मुभाही राज्यागणिक बदलते. काही राज्यांत डॉक्टरशी लेखी करार लागतो, काहींत नाही.

पहिली नोकरी निवडताना पगाराआधी तिला तीन प्रश्न विचारायला सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाला किती पेशंट? शंका आली तर इमारतीत कोण असतं? आणि याआधीची नर्स प्रॅक्टिशनर का गेली? तिसऱ्या प्रश्नाला कोणी चाचरलं तर दुसरी नोकरी शोधावी.

मी माझ्या कॅलेंडरवर प्रत्येकीसाठी तीन तारखा टाकते: नोकरीचा पहिला महिना, तिसरा आणि सहावा. ठरल्या तारखेला मीच फोन करते, कारण ती करणार नाही; तिला वाटतं, आपण आता शिकलेलो आहोत, विचारायचं कसं. फोनवर मी तिला विचारते, घरी किती वाजता पोहोचतेस, नोंदी घरी नेतेस का, आणि रात्री झोपताना कोणता पेशंट आठवतो. त्या पेशंटबद्दल मग आम्ही बोलतो.